पान उघडेपर्यंत

वेबसाइट हलक्या करून देणं हा माझा धंदा. लोक हौसेनं साइट बांधून घेतात, वर्षभर तिच्यात काय काय कोंबतात आणि गूगलवर तिसऱ्या पानावर ढकलले गेले की माझ्याकडे येतात. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, आमच्या ऑफिसात तर पटकन उघडते." उघडणारच. ऑफिसात फायबर आहे आणि निम्मी साइट ब्राउझरनं आधीच साठवून ठेवलेली आहे. मग मी स्वस्तातला अँड्रॉइड फोन काढते, कॅशे रिकामा करते आणि साइट त्यांनाच उघडायला सांगते. सात-आठ सेकंदांनी माणूस चुळबुळायला लागतो.

या चुळबुळीला तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि मराठी साइटच्या बाबतीत तो जरा आडवाटेनं गेलेला आहे. जगात इतरत्र पान जड केलं म्हणून चित्रांना आणि जावास्क्रिप्टला शिव्या बसतात. आपल्याकडे बराच काळ जड पडलं ते अक्षर.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायलअपचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. बाइटांच्या हिशोबात सेकंदाला जेमतेम एक केबी. विद्यार्थ्यांसाठी शेल अकाउंट असायचं. त्यात फक्त मजकूर दिसायचा, चित्र नाही. काळ्या पडद्यावर लिंक्स ब्राउझर, बाणाच्या कळा दाबत पुढं जायचं. आजच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना आमची दया येते, पण मजकुराचं पान होतं, ते निमूट उघडायचं. पुढं १४.४, २८.८, ५६ अशा पायऱ्या चढत मोडेम आले, आणि त्यांच्याबरोबर चित्रं आली. १९९८ च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना इंटरनेट विकायची मुभा मिळाली, तेव्हा मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात वेब पानं बांधायला नुकतीच लागले होते.

आमच्या वरिष्ठांचा नियम कडक होता. मुखपृष्ठ चित्रांसकट ५० केबीच्या आत. २८.८ च्या मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला तीनेक केबी हाती लागायचे, म्हणजे तेवढ्यालाही सतरा सेकंद. त्या सतरा सेकंदांचे पैसे ग्राहक दोनदा मोजायचा, एकदा इंटरनेटच्या तासांतून आणि एकदा टेलिफोनच्या बिलातून. सायबर कॅफेत बसलेल्याला तर मालक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघताना दिसायचा. त्यामुळे पान हलकं ठेवा हे कुणी पटवून द्यावं लागत नव्हतं.

युक्त्या तरी किती होत्या. नेटस्केपमध्ये आधी एक धूसर, फुटकळ चित्र दाखवून मागून खरं चित्र आणता यायचं. इंटरलेस्ड जिफ पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांनी उमटायची, तेवढाच जिवाला विरंगुळा. १९९९ मध्ये फोटोशॉप ५.५ आलं, त्यात 'सेव्ह फॉर वेब' होतं. चित्राचे रंग कमी करत नेले की वजन किती उतरतं ते समोर दिसायचं. आम्ही लोगोचे रंग सोळावर आणायचो आणि ग्राहकाला कळलं नाही की आनंद व्हायचा. चित्राची लांबी-रुंदी एचटीएमएलमध्ये लिहिलीच पाहिजे, नाहीतर चित्र येईपर्यंत जागा राखली जात नाही आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो, हेही तेव्हाच शिकवलं गेलं. हा नियम लक्षात ठेवा, पुढं तो पुन्हा भेटणार आहे.

माणूस किती वेळ थांबतो याचा अभ्यास त्याच्याही आधीचा. १९६८ मध्ये रॉबर्ट मिलर यांनी संगणकाच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसावर निबंध लिहिला, आणि १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी त्यातून तीन टप्पे लोकांपुढं ठेवले. दशांश सेकंदात उत्तर आलं तर यंत्र आपल्या हातात आहे असं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचाराची तार तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. १९९९ मध्ये झोना रिसर्च या संस्थेनं आठ सेकंदांची मर्यादा सांगितली, आणि ती धंद्यात इतकी रुजली की कुणीही कुणालाही ऐकवायचा. मिलर यांचे आकडे मला अजून जास्त खरे वाटतात. मोडेम बदलले, माणसाचा धीर काही बदलला नाही.

आता अक्षराकडे येते.

त्या काळात मराठी मजकूर वेबवर टाकायचा तर दोन वाटा होत्या. एक, मजकुराचं चित्र करून टाकायचं. दिसायला उत्तम, पण एका बातमीचं वजन सहज ३०-४० केबी. दुसरी, श्रीलिपी, शिवाजी किंवा सीडॅकच्या योगेश-सुरेख अशा फॉण्टात मजकूर बसवायचा आणि पानाच्या डोक्यावर लिहायचं, 'हा फॉण्ट उतरवून घ्या'. या फॉण्टांची करामत अशी की ते इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरायचे. दोनशेच्या आसपास जागांत अर्धी अक्षरं, काने, वेलांट्या, रफार असे तुकडे बसवलेले असायचे आणि शेजारी शेजारी ठेवले की मराठी दिसायचं. एका तुकड्याला एक बाइट. मजकूर पिसासारखा हलका, पण फॉण्ट नसेल तर पडद्यावर नुसता इंग्रजी कचरा.

परदेशातल्या वाचकाची अडचण अशी की त्याच्याकडे लाइन चांगली, मराठी फॉण्ट मात्र नाही, आणि कचेरीतल्या मशीनवर तो बसवायची परवानगीही नाही. असे वाचक थोडे नव्हते; अमेरिकेतून चालणारं मायबोली १९९६ च्या गणेश चतुर्थीलाच सुरू झालं होतं. या अडचणीवर १९९७ मध्ये उपाय आला तो डायनॅमिक फॉण्टचा. पानाबरोबर फॉण्टही आपोआप उतरायचा. पण नेटस्केपचा प्रकार वेगळा, तो बिटस्ट्रीम कंपनीचा; इंटरनेट एक्स्प्लोररचा वेगळा, तो मायक्रोसॉफ्टचा. दोन्ही फाइली करून ठेवाव्या लागायच्या. मायक्रोसॉफ्टचं वेफ्ट नावाचं साधन होतं. ते पानं तपासून, वापरलेली तेवढीच अक्षरं फॉण्टात ठेवायचं आणि बाकीची छाटायचं. छाटलेला फॉण्ट एका ठरावीक पत्त्यालाच बांधलेला असायचा, साइटचा पत्ता बदलला की अक्षरं गायब. सन २००० मध्ये नेटस्केप ६ आला आणि त्यातून बिटस्ट्रीमचा प्रकार काढूनच टाकलेला होता. रातोरात कित्येक मराठी पानं त्या ब्राउझरमध्ये वाचेनाशी झाली. पानाखाली 'इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहावे' अशी ओळ यायची, ती आठवत असेल, तर तिच्यामागे बहुधा हेच कारण.

एवढं करूनही मोठा घोटाळा राहिलाच होता. सर्च इंजिनाला यातलं काही वाचता येत नव्हतं. 'पाऊस' शोधणाऱ्याला पावसावरचं पान सापडणं अशक्य, कारण त्या पानात पाऊस नव्हताच. होता तो चिन्हांचा काला. चित्रातला मजकूर तर आंधळाच. म्हणजे मराठीत सुरुवातीला वेग आणि शोध एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढत होते. हलकं पान ठेवाल तर कुणाला सापडणार नाही. सापडायचं असेल तर युनिकोड घ्या, आणि युनिकोड जड.

किती जड ते सांगते. 'मराठी' हा शब्द युनिकोडमध्ये पाच चिन्हांचा. वेबवर जी यूटीएफ-८ पद्धत चालते, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे १५ बाइट. रोमनमध्ये हाच शब्द सातांत बसतो. विंडोज एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरी दिसायची सोय होती, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागायची. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्याच सुमारास मराठी मंडळी हळूहळू या बाजूला येऊ लागली. धंद्यातल्या लोकांनी मात्र नाकं मुरडली. "तिप्पट वजन कोण भरणार?" हा प्रश्न मी मीटिंगमध्ये कानांनी ऐकलेला आहे.

उत्तर साधं होतं आणि ते सर्व्हरवरच पडून होतं. एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे १९९७ पासून, पान दाबून पाठवायची सोय आहे. जीझिप. ही पद्धत मजकुरात पुन्हा पुन्हा येणारे तुकडे शोधते आणि एकदाच लिहून ठेवते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ठरावीक दोन बाइटांच्या जोडीनं सुरू होतं, आणि अशा जोड्या सगळ्या मिळून दोनच. तेव्हा जीझिपसाठी मराठी मजकूर म्हणजे पंगतच. पान चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतं आणि तिपटीचा बाऊ तिथंच संपतो. अपाचीच्या कॉन्फिगरेशनमध्ये दोन-तीन ओळी लिहायच्या, बस. तरीही मी २००६-०७ पर्यंत अशा कितीतरी मराठी साइट बघितल्या, ज्यांच्या सर्व्हरवर ते चालूच केलेलं नव्हतं. होस्टिंगवाल्याला विचारलं की तो म्हणायचा, सर्व्हरवर लोड येतो.

अंतराचा प्रश्नही होता. साइट मराठी, वाचक साताऱ्याचा, सर्व्हर टेक्सासात, कारण होस्टिंग तिकडे स्वस्त. एका हाकेला जाऊन यायला पाव सेकंद, आणि एका पानात पन्नास हाका. एचटीटीपी १.१ चा दंडक होता की ब्राउझरनं एका सर्व्हरशी एका वेळी दोनच जोडण्या उघडाव्यात. म्हणजे एसटी स्टँडवर गर्दी चारशेची आणि तिकीट खिडक्या दोन. हाका कमी करायच्या म्हणून चाळीस आयकॉन एका चित्रात चिकटवायचे आणि हवा तेवढाच भाग दाखवायचा, ही स्प्राइटची युक्ती २००४ मध्ये डेव्ह शे यांच्या लेखामुळे सगळीकडे पसरली. भारतातल्या भारतात जाणारी माहितीसुद्धा परदेशाला वळसा घालून यायची. तो वळसा वाचवायला २००३ मध्ये निक्सी सुरू झालं, मुंबईसारख्या शहरांत देशातली जाळी एकमेकांना जोडण्यासाठी. आणि ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा आमच्या ग्राहकांचे फोन दिवसभर वाजत होते. कोथरूडमधल्या साडीच्या दुकानाची साइट भूमध्य समुद्रावर अवलंबून आहे हे त्या दिवशी मालकाला समजावून सांगणं कठीण गेलं.

अंतरावरचा खरा तोडगा निघाला होता तो बॉस्टनजवळ. एमआयटीतले प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल ल्यूइन यांनी १९९८ मध्ये अकामाई काढली. पानाच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि वाचकाच्या जवळची प्रत त्याला द्यायची. ल्यूइन ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात होते. तिशी नुकतीच ओलांडली होती. आज आपण सीडीएन म्हणतो तो व्यवसाय या माणसाच्या गणितावर उभा आहे, आणि आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना त्यांचं नाव माहीत नसतं. मराठी साइटना ही चैन परवडायला पुढं बरीच वर्षं लागली. ॲमेझॉनची सर्व्हर भाड्यानं देणारी सेवा मुंबईत आली तीच २०१६ च्या जूनमध्ये.

माझ्या धंद्याला धंदा म्हणून ओळख मिळाली २००७ मध्ये. याहूमधल्या स्टीव्ह सॉडर्स यांनी मोजून दाखवलं की वाचक जो वेळ वाट बघतो त्यातला ८० ते ९० टक्के वेळ पान सर्व्हरवर तयार होण्यात जात नाही, ते ब्राउझरमध्ये पोचल्यानंतर चित्रं, स्क्रिप्ट आणि सजावट गोळा करण्यात जातो. तोवर साइट मंद झाली की सगळे डेटाबेसवाल्याच्या मागं लागायचे. सॉडर्स यांच्या पुस्तकात १४ नियम होते, आणि त्याच वर्षी आलेलं वायस्लो हे साधन त्या नियमांप्रमाणे कुठल्याही साइटला ए ते एफ अशी श्रेणी द्यायचं. श्रेणी हा प्रकार भारतीय ग्राहकाला लगेच समजला. "एफ म्हणजे नापास ना?" मी आयुष्यात कुठल्याही भाषणानं जेवढी कामं मिळवली नसतील तेवढी त्या एका अक्षरानं मिळवून दिली.

९ एप्रिल २०१० ला अमित सिंघल आणि मॅट कट्स यांनी जाहीर केलं की गूगल आता साइटचा वेगही क्रमवारीत धरणार. त्याच निवेदनात त्यांनी सांगितलं होतं की याचा परिणाम एक टक्क्याहून कमी शोधांवर होईल. ते वाक्य कुणी वाचलं नाही. आठवड्याभरात ग्राहकांची भाषा बदलली. त्याआधी वेग म्हणजे वाचकाची सोय होती, आणि सोयीला बजेट नसतं. आता वेग म्हणजे गूगलचा नंबर झाला. मला विचाराल तर हे भीतीनं झालेलं काम आहे, आणि झालं ते बरंच झालं. पण २००० साली ५० केबीचा नियम पाळणारे लोकच २०१० मध्ये दीड एमबीचं मुखपृष्ठ मागत होते. लाइन रुंद झाली, तसतशी पानं तिच्यापेक्षा जास्त रुंद होत गेली.

आपला वाचक तेव्हा कुठं होता? नोकियाच्या फोनवर, टूजीवर, ऑपेरा मिनीत. ऑपेरा मिनी पान स्वतःच्या सर्व्हरवर उघडायचा, पिळून काढायचा आणि उरलेला चोथा फोनवर पाठवायचा. वजन दहाव्या हिश्शापर्यंत उतरायचं. पण त्या फोनमध्ये देवनागरी नसायची, मराठीच्या जागी चौकोन दिसायचे. त्यावर एक गुप्त सेटिंग होतं. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' टाइप करायचं आणि अगदी खालचा एक पर्याय 'यस' करायचा. मग सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. कॉलेजातली पोरं हे सेटिंग एकमेकांना तोंडी सांगायची. बारा वर्षांनी आम्ही फिरून अक्षरांच्या चित्रांवर आलो होतो, फक्त या वेळी वाचकाच्या मर्जीनं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा इतका स्वस्त झाला की पान हलकं करा म्हटलं की लोक हसायचे. त्याच काळात गूगलचं एएमपी आलेलं होतं, ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर झालेलं. बातमीचं पान गूगलनं आखून दिलेल्या साच्यात लिहायचं, गूगल त्याची प्रत स्वतःजवळ ठेवणार आणि वाचकाला झटक्यात दाखवणार. मोबाइलवर बातम्यांच्या वरच्या पट्टीत जागा त्यालाच. बातम्यांच्या साइट मुकाट्यानं रांगेत उभ्या राहिल्या. मला तो प्रकार कधी आवडला नाही. आपलंच पान दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवायचं आणि मग वाचकानं आपल्या दारात यावं म्हणून धडपडायचं. २०२१ मध्ये ती अट गेली आणि एएमपी बघता बघता ओसरलं.

त्याच्या जागी आले ते कोअर वेब व्हायटल्स. मे २०२० मध्ये घोषणा, २०२१ च्या जूनपासून क्रमवारीत वापर. यात प्रयोगशाळेतला वेग धरत नाहीत, क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या फोनवरचे आकडे घेतात, आणि चारांतल्या तीन भेटी तरी मर्यादेत बसाव्या लागतात. पानावरचा सर्वांत मोठा ऐवज अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. बोट लावल्यावर पानानं प्रतिसाद दिला पाहिजे. २०२४ च्या मार्चपासून त्याची मर्यादा २०० मिलिसेकंद. आणि तिसरा निकष, वाचत असताना मजकूर जागचा हलता कामा नये. इथं आमचा सदाशिव पेठेतला नियम परत आला. २०१० नंतर मोबाइलला साजेशी लवचीक पानं बनवण्याच्या नादात सगळ्यांनी चित्रांची लांबी-रुंदी लिहिणं सोडून दिलं होतं. २०१९ च्या अखेरीस ब्राउझर ते आकडे पुन्हा कामाला लावू लागले, आणि आता गूगल त्यांचे गुण देतं.

मराठी साइटवर मजकूर उडी मारतो तो बहुतेक वेळा फॉण्टामुळेच. गूगल फॉण्ट्सवर मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू', इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स असे सुरेख देवनागरी फॉण्ट फुकट मिळायला लागले, ही मराठी वेबवर झालेली सर्वांत चांगली गोष्ट. पण देवनागरीत जोडाक्षरांच्या आकृत्या शेकड्यांनी, त्यामुळे एकेका जाडीची फाइल रोमनच्या कितीतरी पट. ग्राहकाला चार जाड्या हव्या असतात. फॉण्ट उतरेपर्यंत फोनमधलं साधं अक्षर दिसतं, मग नवं अक्षर येतं, त्याची रुंदी वेगळी, शिरोरेषेची उंची वेगळी, ओळी मोडतात आणि परिच्छेद सरकतो. पूर्वी एका साइटवर उतरलेला फॉण्ट दुसऱ्या साइटलाही कामी यायचा. क्रोमनं २०२० च्या ऑक्टोबरात खासगीपणासाठी प्रत्येक साइटचा कॅशे वेगळा केला, आणि ती बचतही गेली.

म्हणून आता मी फॉण्ट ग्राहकाच्याच सर्व्हरवर ठेवते, दोनच जाड्या, नको त्या आकृत्या छाटून, वॉफ-२ मध्ये दाबून. वेफ्टवर करायचो तेच काम, साधन नवं. छाटणीची तयार यादी बहुधा हिंदी डोळ्यांपुढं ठेवून केलेली असते, म्हणून एक मराठी तपासणी मी हातानंच करते. 'ऱ्हास' आणि 'तऱ्हा' मधला चंद्रकोरीसारखा र टिकलाय का. 'वाङ्मय' फुटत नाही ना. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत का. आणि 'ॲ', जो युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला आणि जुन्या फॉण्टांत नसतोच, तो 'ॲडमिशन'च्या पहिल्या अक्षरात वेगळ्याच घरचा दिसत नाही ना. शाळा-कॉलेजांच्या साइटवर हे पहिल्यांदा बघते, कारण त्यांच्या मुखपृष्ठावरचा सर्वांत मोठा शब्द जूनमध्ये तोच असतो.